‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणताना माझे ओठ थांबतात. देवाचं पावित्र्य मला कृपेकडे नेणार कसं?

रिकामी_खुर्ची

बरेच महिने इथे नुसता वाचतोय. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाला समोरासमोर विचारायची हिंमत होत नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

माझे वडील जाऊन १४ महिने झाले. शेवटची दोन वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश होता. आंघोळ, कपडे, औषधं, रात्री उठणं, सगळं मीच करायचो. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. एका रात्री साडेतीनच्या सुमाराला त्यांनी औषध तिसऱ्यांदा थुंकलं. चमचा खाली पडला, चिकट औषध चादरभर झालं आणि मी त्यांचं मनगट धरून आवळलं. जोरात. ओरडलोही. काय ओरडलो ते इथे लिहवत नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, हा कोण माणूस आहे असं. सकाळी मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते. मी त्यांना पूर्ण बाह्यांचा सदरा घातला.

त्यानंतर १९ दिवसांनी ते गेले. न्यूमोनियाने. त्याचा वळांशी संबंध नाही हे मला कळतं. पण माफी मागायची राहून गेली, आणि मागितली असती तरी कशाबद्दल मागतोय हे त्यांना कळलं नसतं.

तेव्हापासून उपासनेत ‘पवित्र, पवित्र, पवित्र, सेनाधीश परमेश्वर’ आलं की माझे ओठ मिटतात. आठ महिने झाले, प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून वाटतात त्या भाकरीचं, ताट आलं की शेजाऱ्याकडे सरकवतो. एकाला आडून आडून सांगून पाहिलं तर तो म्हणाला, ‘देव प्रेम आहे, विसरून जा.’ विसरणं हा माझ्या वडिलांचा आजार होता. तो मला उपाय म्हणून नको.

प्रश्न असा. देवाचं पावित्र्य कळलं की कृपा कळते, असं लहानपणापासून ऐकत आलोय. माझं उलट झालंय. पावित्र्य जितकं मोठं दिसतं तितका मी मागे सरकतो. माझ्या मनातलं चित्र असं आहे की एका बाजूला पवित्र, रागावलेला देव, दुसऱ्या बाजूला मी, आणि येशू मध्ये पडून त्याला शांत करतोय. हे चित्र बरोबर आहे का? असेल तर पावित्र्य कृपेपर्यंत नेतं असं म्हणायचं कशाला? कृपा तर मला पावित्र्यापासून वाचवते, असं म्हणावं लागेल.

---

सकाळची_प्रार्थना

भाऊ, वाचून डोळे भरून आले. जास्त लिहीत नाही, एकच वचन देते. योहानाचं पहिलं पत्र, १:९. आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करील, हे तुम्हाला पाठ असणारच. पण तिथे शब्द कोणते आहेत ते पुन्हा बघा. तो ‘विश्वसनीय व न्यायी’ आहे म्हणून क्षमा करील, असं आहे. प्रेमळ आहे म्हणून, दयाळू आहे म्हणून, असं योहान त्या ओळीत म्हणत नाही. न्यायी आहे म्हणून म्हणतो. मी कित्येक वर्षं हा शब्द न अडखळता वाचून पुढे जात होते.

---

जुनी_परिचारिका

मी २६ वर्षं वॉर्डात काढली. त्यामुळे आधी एक गोष्ट सांगते, मग वचनाकडे येते. रात्रंदिवस रुग्णाचं करणाऱ्या घरच्या माणसाचा हात एखाद्या रात्री सुटतो, हे मी पाहिलंय. त्यातले बहुतेक जण दुसऱ्या दिवशी ‘ते पडले’ म्हणून सांगतात. तुम्ही ‘मी आवळलं’ असं लिहिलंत. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तुमचे ओठ ज्या शब्दांवर थांबतात ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातले आहेत. आणि ते शब्द ऐकून यशयाचंही तेच झालं होतं. तुम्ही त्या अध्यायाच्या पाचव्या वचनावर उभे आहात, आणि तुम्हाला वाटतंय की अध्याय तिथेच संपतो.

सुरुवात कशी आहे पाहा. ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी.’ ही नुसती तारीख नाही. उज्जीयाने यहूदावर ५२ वर्षं राज्य केलं. सामर्थ्य वाढलं तसा तो उन्मत्त झाला आणि धूप जाळायला स्वतःच मंदिरात शिरला. ते याजकांचं काम. याजकांनी अडवलं तेव्हा तो संतापला, हातात धूपपात्र तसंच, आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला, परमेश्वराच्या मंदिरातून तोडलेला. २ इतिहास २६ मध्ये हे सगळं आहे. तो राजा मेला त्याच वर्षी यशया मंदिराचं दर्शन बघतोय. आत शिरणाऱ्याचं काय होतं हे सगळ्या यहूदाला ठाऊक असताना! म्हणून तो जे ओरडला त्यात नाटक काही नव्हतं. आता मी संपलो, असंच त्याला वाटलं.

सहा पंखांचे सराफीम, देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय सेवक. त्या शब्दाच्या मुळाशी जळणं आहे. म्हणजे मुळात जळणारे, आणि तेही दोन पंखांनी तोंड झाकतात. उंबरठे हादरतायत, घर धुराने भरलंय. यशया म्हणतो, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे.

आता यापुढचं हळू वाचा. यशयाने क्षमा मागितलेली नाही. वचन शोधून बघा, नाही सापडणार. त्याने फक्त कुठे बिघडलंय ते सांगितलं. ओठ. आणि त्या सराफीमांतला एक उडत आला, हातात निखारा, वेदीवरून चिमट्याने उचललेला. तो निखारा त्याने यशयाच्या डोक्यावर ठेवला नाही, छातीवर नाही. ओठांवर ठेवला. जी जागा त्याने दाखवली, नेमकी तीच. ‘तुझा दोष दूर झाला आहे.’

माझ्या कामात मी रक्तस्राव थांबवायला जखम डागताना पाहिलंय. डॉक्टर विचारतात, कुठून येतंय? जागा सापडेपर्यंत डागता येत नाही. सापडली की जे उपकरण जाळतं तेच थांबवतं. तिथे दुसरं थंड काहीतरी कुणी आणत नाही.

तुमचं चित्र मला इथे चुकलेलं वाटतं, भाऊ. निखारा बाहेरून आलेला नाही. पावित्र्याने यशयाला घाबरवलं आणि मग शेजारच्या खोलीतून कृपा नावाची दुसरी कुणी धावत आली, असं तिथे घडलेलं नाही. ज्या घरात तो थरथरत होता त्याच घरातल्या वेदीवरून निखारा आला, आणि आणणारा कोण, तर ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणणाऱ्यांतलाच एक. वेदी म्हणजे जिथे दुसऱ्याचा जीव आधीच अर्पण झालेला आहे ती जागा. ती पुढच्या वधस्तंभाकडे, येशूच्या बलिदानाकडे, बोट दाखवते.

तुम्ही जागा दाखवलीत. मनगट.

---

कोरा_कागद

मी आता तितकासा विश्वास ठेवणारा नाही, तरी लिहितो. राग येऊ देऊ नका. मला हा सगळा प्रकार असा दिसतो की आधी माणसाला देवाच्या पावित्र्याने घाबरवायचं आणि मग त्याच भीतीवर कृपेचं औषध द्यायचं. हा माणूस दोन वर्षं, म्हणजे सातशेच्या वर रात्री, वडिलांसाठी जागला. त्यातली एक रात्र चुकली. कुठलाही समजूतदार माणूस म्हणेल, स्वतःला माफ कर. तुम्ही त्याला निखाऱ्याच्या गोष्टी सांगताय. त्याची जखम कशाला वाढवता?

---

रिकामी_खुर्ची

@कोरा_कागद, राग नाही आला. तुम्ही माझ्या बाजूने बोलताय हे कळतंय. पण मला कुणी घाबरवलेलं नाही. कुठल्या प्रवचनातून हे आलेलं नाही. मी वळ पाहिले आणि सदरा शोधायला कपाटाकडे गेलो, तेव्हा घरात दुसरं कुणी जागं नव्हतं. तरी मी ते लपवत होतो. कुणापासून? स्वतःला माफ करून पाहिलंय. पण ज्याचं मनगट होतं त्याच्या वतीने मी माफ कसा करू? सातशे रात्रींनी ती एक रात्र फिटते असं म्हटलं तर वडिलांचं मनगट म्हणजे खात्यातली एक नोंद होते. ते मला जास्त भयंकर वाटतं.

@जुनी_परिचारिका, तुमचं लिहिणं चार वेळा वाचलं. क्षमा मागितलेली नाही हे खरंच लक्षात आलं नव्हतं. पण माझा अर्धा प्रश्न उरतो. येशू मध्ये पडून देवाला शांत करतो, त्याचं काय?

---

वचन_अभ्यासी

त्या अर्ध्या प्रश्नाबद्दल लिहितो. लेवीय १६ उघडा. प्रायश्चित्ताच्या दिवसाचे नियम. आपण नियम वाचायला घाई करतो आणि पहिलं वाक्य सुटून जातं. महायाजक अहरोनाचे दोन मुलगे परमेश्वरासमोर गेले आणि मेले, त्यानंतर हे सांगितलं गेलं. नादाब आणि अबीहू, १०व्या अध्यायात. म्हणजे ज्या बापाचे दोन मुलगे त्या पावित्र्यापुढे मेले त्याच बापाला पडद्याच्या आत, परमपवित्र स्थानात, कसं यायचं ते सांगितलं जातंय. वाटेल तेव्हा येऊ नकोस, अशी सुरुवात आहे. पण तिथून पुढे अख्खा अध्याय ‘असा ये’ हेच सांगतो. स्नान कर, तागाची साधी वस्त्रं घाल, आधी स्वतःसाठी गोऱ्हा आण, धुपाचा ढग कराराच्या कोशावरच्या, म्हणजे आज्ञांच्या पेटीवरच्या, झाकणावर पसरू दे म्हणजे तू मरणार नाहीस, मग सात वेळा रक्त शिंपड. मारायचं असतं तर इतकं तपशीलवार कुणी सांगत नाही. येण्याची वाट पवित्र देवानेच काढून दिली. अहरोनाने सुचवलेली नव्हती.

ते झाकण म्हणजे दयासन. शुद्ध सोन्याचं, अडीच हात लांब, दीड हात रुंद. खाली कोशात आज्ञांच्या पाट्या, वर झाकण, दोन्ही टोकांना करूब, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या मूर्ती, त्यांची तोंडं झाकणाकडे वळलेली. आज्ञा बाहेर काढून फेकल्या आणि मग दया झाली, असं नाही. आज्ञा जागच्या जागी आहेत. रक्त त्यांच्या वर आहे.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनाला ‘हिलास्तेरिओन’ म्हणतात. रोमकरांस पत्र ३:२५ मध्ये प्रेषित पौल हाच शब्द येशूसाठी वापरतो. आणि त्या वाक्याचा कर्ता कोण आहे? देव. देवाने त्याला पुढे ठेवलं. येशूने रागावलेल्या देवाचा हात धरला असं पौल म्हणत नाही. पुढच्याच वचनात तो कारण देतो, की देवाने न्यायी असावं आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावं. न्यायी असूनसुद्धा, असं तो म्हणत नाही. न्यायी आणि नीतिमान ठरवणारा, दोन्ही एकाच दमात.

येशूच्या दाखल्यातला, लूक १८ मधला जकातदार आठवा. दूर उभा, वर बघायची हिंमत नाही, ऊर बडवतोय. ‘माझ्यावर दया कर’ असं आपण वाचतो, पण तिथलं क्रियापद त्याच मुळातलं आहे, ‘हिलास्थेति’. पापी माणसासाठी प्रायश्चित्त होऊ दे, अशा अंगाचं. तो मंदिरात उभा होता. पाप लहान होतं असं तो म्हणाला नाही, शेजारच्या परूश्यासारखा, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धार्मिक माणसासारखा, हिशेबही मांडला नाही. आणि नीतिमान ठरून घरी गेला तो हाच.

एक माणूस या वाटेवर फार अडखळला होता, म्हणून सांगतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५४५ साली आपल्या लॅटिन लेखनाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की ‘देवाचं नीतिमत्त्व’ या शब्दांचा त्याला तिटकारा होता. निष्कलंक संन्यासी म्हणून जगत असूनही मन खात होतं. देव शिक्षा करतो ते नीतिमत्त्व, असा अर्थ त्याने धरला होता. रोमकर १:१७ वर रात्रंदिवस घोळ घातल्यावर त्याला कळलं की देव विश्वासाने देतो तेही हेच नीतिमत्त्व आहे. शब्द बदलला नाही. ज्या शब्दाला तो घाबरत होता तोच त्याला स्वर्गाचं दार झाला, असं तो म्हणतो.

---

जाळी_आणि_होडी

सगळ्यांनी छान लिहिलंय. मला फक्त येशूचा शिष्य पेत्र सांगायचाय, कारण मी स्वतः पेत्राच्या दोन होड्यांच्या मधे कुठेतरी बरीच वर्षं अडकून होतो.

पहिली होडी लूक ५. रात्रभर काही मिळालेलं नाही, मग येशूच्या शब्दावर जाळी टाकली आणि होड्या बुडायची वेळ आली. पेत्र गुडघ्यावर. ‘प्रभूजी, माझ्यापासून जा, कारण मी पापी मनुष्य आहे.’ तुमच्या ताट सरकवण्यासारखंच.

दुसरी होडी योहान २१. पुन्हा रात्रभर काही नाही, पुन्हा जाळं भरतं, १५३ मासे. काठावर येशू आहे हे कळताच पेत्र पाण्यात उडी टाकतो. काठ दोनशे हातांवर आणि होडी येतच होती. थांबता आलं असतं, पण तो थांबला नाही.

आता दोन्हींच्या मधे काय झालं ते बघा. पेत्र सुधारला होता का? उलट. पहिल्या वेळी त्याच्या नावावर ठळक असं काही पाप नव्हतं. दुसऱ्या वेळी तीन नकार होते, येशूला धरून नेलं त्या रात्रीचे. मी त्या माणसाला ओळखत नाही, असं तीनदा. आणि येशूचं पावित्र्य कमी झालं होतं का? तो तर मेलेल्यांतून उठलेला. म्हणजे अंतर वाढलं होतं, आणि पेत्र पोहत निघाला होता.

काठावर कोळशाचा विस्तव होता. नव्या करारात तो शब्द दोनच ठिकाणी येतो. एक हा, आणि दुसरा महायाजकाच्या अंगणातला, जिथे शेकत उभं राहून पेत्राने नाकारलं होतं. येशूने पेत्राला त्या रात्रीपासून दूर नेलं नाही. त्याच वासाच्या विस्तवाजवळ आणून बसवलं, आधी खाऊ घातलं, मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला दुःख झालं असं लिहिलंय. दुखलंच. पण तो उठून गेला नाही.

---

जुनी_परिचारिका

@कोरा_कागद, तुमचा आक्षेप मी मनावर घेतला. भीतीचा धंदा होतो, हे मी नाकारत नाही. पण तो करणारा पावित्र्य दाखवतो आणि निखारा आपल्या हातात ठेवतो. त्यापासून दूर राहिलात तर बरंच केलंत.

जाता जाता एक सांगायचं राहिलं होतं. हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकात, २ऱ्या अध्यायात याजकांना दोन प्रश्न विचारले जातात. पदरात पवित्र मांस बांधलंय आणि तो पदर भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होते का? नाही. प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर ती अशुद्ध होते का? होते. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. संसर्ग मळाचा होतो, स्वच्छतेचा होत नाही. निर्जंतुक हातमोजा घाण जागी लागला तर जागा निर्जंतुक होत नाही, हातमोजा टाकून द्यावा लागतो.

आणि मग मार्क १ मध्ये कुष्ठरोगी येतो आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं. पण शिवला. १२ वर्षं रक्तस्राव होणारी बाई मार्क ५ मध्ये त्याच्या वस्त्राला शिवते. नियमाप्रमाणे तो अशुद्ध व्हायला हवा. पण उलट होतं. शुद्धतेचा संसर्ग होतो. एवढं पावित्र्य असतं म्हणूनच होतं. कमी असतं तर हाग्गयातल्या पदरासारखं झालं असतं. तुम्ही त्याच्या पावित्र्यापासून वाचायला बघताय, भाऊ, पण तेच एक आहे जे तुमच्या हाताला लागलं तर मळत नाही.

आणि बहिणीला किंवा घरात कुणाला सांगितलंय का? बाही वर करायला कुणीतरी माणूस लागतो.

---

रिकामी_खुर्ची

चार दिवसांनी लिहितोय. तुम्ही विचारलंत म्हणून परवा रात्री बहिणीला फोन केला. सगळं सांगितलं. चमचा, चादर, मी काय ओरडलो तेही, जे इथे लिहिलं नव्हतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मला माहीत आहे.’ त्या आठवड्यात ती दोन दिवस राहायला आली होती आणि तिनेच बाबांचा सदरा बदलला होता. तिने वळ पाहिले होते. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? म्हणाली, ‘तू सांगशील म्हणून वाट बघत होते. आणि त्या रात्री बाबांजवळ मी झोपले होते, आठवतंय? तुला झोपायला पाठवलं होतं.’

आठवतं. नऊ तास झोपलो होतो. ती सहज म्हणतेय असं तेव्हा वाटलं होतं.

ती माझ्या कृत्यावर पांघरूण घालायला बघत नव्हती. ‘तू चुकलास, दादा, फार चुकलास,’ असं स्पष्ट म्हणाली. १४ महिन्यांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं, आणि ऐकून मी खुर्चीतच रडलो. पण पळावंसं वाटलं नाही. तिला सगळं माहीत होतं आणि ती त्या रात्री जागली होती, हे दोन्ही एकदम अंगावर आलं. यशयाचा अध्याय पुन्हा काढून वाचला. निखाऱ्यानंतर तो पहिल्यांदा बोलतो तेव्हा म्हणतो, ‘हा मी आहे, मला पाठीव.’ त्याच ओठांनी.

रविवारी बहीण येतेय. तिच्या शेजारी बसणार आहे. गाणं म्हणता येईल की नाही ते सांगता येत नाही. ताट आलं तर मात्र पुढे सरकवणार नाही.